चाहत्यांच्या हातचं

2007 च्या अखेरीस अमेरिकेतल्या काही तरुणांनी 270 पानांचं एक रंगीत पुस्तक छापून घेतलं आणि त्याच्या प्रती निन्टेंडो कंपनीला आणि गेमवर लिहिणाऱ्या पत्रकारांना पाठवल्या. पुस्तकात चित्रं होती. सगळी एकाच गेम-मालिकेवरची, तिच्या चाहत्यांनी काढलेली. मागणी साधी होती: जपानमध्ये आदल्या वर्षी आलेला 'मदर 3' हा गेम इंग्रजीत आणा. सह्या गोळा करून झाल्या होत्या, पत्रं लिहून झाली होती. कशाचाच उपयोग होईना, तेव्हा त्यांनी आपली चित्रं बांधून पाठवली.

चाहत्यांच्या कलेवरच्या, तुमच्या हातातल्या या पुस्तकाची ओळख करून देताना मला हीच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. सह्यांच्या यादीवरून कंपनीला एवढंच कळतं की अमुक हजार गिऱ्हाइकं वाट पाहत आहेत. चित्र पाहिलं की त्यापलीकडचं कळतं: या माणसाने गेममधला कुठला क्षण मनात ठेवला, कुठलं पात्र त्याला एकटं वाटलं, कुठल्या घराच्या छपराचा रंग त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही. चाहत्याने काढलेलं चित्र हे मन लावून केलेलं वाचन असतं, असं मी मानतो, आणि पुढची प्रकरणं याच समजुतीवर उभी आहेत. नाटकाला, गाण्याला दाद देणाऱ्याचा आपल्याकडे मोठा मान आहे. गेम खेळून किंवा सिनेमा पाहून रात्र जागवत त्यातल्या पात्राचं चित्र काढणाऱ्या मुलीला मात्र घरचे अजून 'मोबाइलवर वेळ घालवते' एवढंच म्हणतात. हा अन्याय आहे.

'मदर' मालिका शिगेसातो इतोई यांची. इतोई मूळचे जाहिरातींचा मजकूर लिहिणारे आणि त्या कामासाठी जपानभर नावाजलेले. 'माय नेबर टोटोरो' हा सिनेमा मूळ जपानीत पाहिलेल्यांनी त्यांचा आवाजही ऐकला आहे. त्यातल्या दोन मुलींच्या वडिलांचे संवाद त्यांचेच. पहिला 'मदर' 1989 साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. त्या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टीव्हीला जोडलेल्या असत, आणि कॅसेटमध्ये फुंकर मारून, ती पुन्हा खोचून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळले जात. उड्या मारायला आणि गोळ्या झाडायला भाषा लागत नाही. संवादांवर चालणारा जपानी गेम त्या वाटेने आपल्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं.

दुसरा भाग जपानमध्ये 1994 साली आला आणि पुढच्या वर्षी 'अर्थबाउंड' या नावाने अमेरिकेत गेला. तिथे तो पडला. मोठ्या खोक्यात, सोबत जाडसर मार्गदर्शक पुस्तिका देऊन तो विकला गेला, आणि जाहिरातीत घाणेरड्या वासाची कार्डं वापरून विनोद करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्रिमितीय गेमकडे लागलं होतं. हा मात्र लहान मुलांच्या चित्रपुस्तकासारखा दिसे. ज्या थोड्या मुलांनी तो खेळला, त्यांना त्यात दुसरीकडे कुठेही न मिळणारं काहीतरी मिळालं. नायक नेस हा टोपी घालून बेसबॉलची बॅट घेऊन निघालेला मुलगा. वडील फक्त फोनवर भेटतात. खेळ सेव्ह करायचा तर त्यांनाच फोन लावायचा. फार दिवस घराबाहेर राहिलं की नेसला घरची आठवण येते, लढाईत त्याचे हात चालेनासे होतात, आणि उपाय एकच, आईला फोन करणं. खेळाच्या मध्येच कधीतरी गेम तुम्हाला तुमचं स्वतःचं नाव विचारतो. खरं कशासाठी, ते सांगत नाही. अगदी शेवटच्या लढाईत शस्त्रं निकामी ठरतात. सोबतची मुलगी, पॉला, प्रार्थना करू लागते, वाटेत भेटलेली माणसं एकेक करून तिच्या प्रार्थनेत सामील होतात, आणि सगळ्यांच्या शेवटी पडद्यावर तुमचं नाव येतं. तुम्हीही प्रार्थना करत असता.

ज्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खेळाने असं नावानिशी आत बोलावून घेतलं, तो मुलगा नंतर गप्प बसेल अशी अपेक्षा करणंच चूक होतं. या गेमचे चाहते 1999 पासून इंटरनेटवर एका ठिकाणी जमू लागले. त्यांच्या साइटचं नाव स्टारमेन डॉट नेट. तिथे चित्रं होती, गाण्यांच्या नव्या चाली होत्या, लांबलचक भांडणं होती, आणि गेममधल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या दुकानदारावर कुणी मनापासून लिहिलेलं टिपणही सापडे.

चित्रकाराच्या दृष्टीने हा गेम फार उदार आहे. पडद्यावरची माणसं मोजक्या ठिपक्यांची. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. कंपनीची अधिकृत चित्रं म्हणजे मातीच्या बाहुल्यांचे फोटो, तेही थोडेच. मग नेसची आई फोन ठेवल्यावर कशी दिसते? तिच्या स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो? वडील फोनवर बोलतात तेव्हा कुठे बसलेले असतात? गेम यातलं काहीच दाखवत नाही. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यासाठी गेममधलं एकूण एक वाक्य आठवावं लागतं. एकीने आई हसरी काढली, दुसऱ्याने दमलेली काढली, तर दोघांनी मूळ संवादाचे दोन अर्थ लावलेले असतात. त्याखाली जी चर्चा रंगते तीही मग त्या अर्थांची. जाणकार वाचक कादंबरीवर जसे वाद घालतात तशीच, फक्त पुरावा म्हणून उतारा द्यायच्या ऐवजी इथे स्क्रीनशॉट दिला जातो.

या मंडळींनी चित्रांच्या जोडीला जतनाचं कामही केलं. पहिल्या 'मदर'चा इंग्रजी अनुवाद 1990 च्या सुमाराला कंपनीने पूर्ण करून ठेवला होता, पण तो बाजारात आलाच नाही. 1998 साली त्याची एक नमुना-कॅसेट चाहत्यांच्या हाती लागली. त्यांनी वर्गणी काढून तिच्यातला मजकूर उतरवून घेतला आणि गेम जगासमोर ठेवला. कंपनीने तो स्वतः विकायला काढला 2015 मध्ये. मधली सतरा वर्षं तो चाहत्यांच्या भरवशावर टिकला.

आणि मग 'मदर 3'. हा भाग एका गावाबद्दल आहे. गावात पैसा येतो, सैन्य येतं, आणि लुकास नावाच्या मुलाचं घर आई गेल्यावर विस्कटतं. 2006 च्या एप्रिलमध्ये तो जपानमध्ये आला. इंग्रजीत येण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा चाहत्यांनी अनुवाद स्वतःच करायचं ठरवलं. पुढाकार क्लाइड मँडेलिन यांचा. व्यवसायानेही ते जपानी-इंग्रजी अनुवादक. काम फक्त शब्दांचं नव्हतं. जपानी अक्षरं सारख्याच रुंदीच्या चौकटीत बसतात. इंग्रजी अक्षरांत कुणी बारीक, कुणी रुंद. जुन्या चौकटींत इंग्रजी कोंबलं तर वाक्य फाटल्यासारखं दिसतं आणि संवादाच्या खिडकीत मावतही नाही. म्हणून प्रोग्रामिंग जाणणाऱ्यांनी गेमच्या पोटात शिरून अक्षर छापण्याची यंत्रणाच बदलली. शब्दांवर बसलेली मंडळी तोवर एकेका विनोदाशी झुंजत होती. कुठल्या वाक्याचं काय केलं आणि का केलं, याची मँडेलिन यांनी लिहिलेली टिपणं आजही वाचण्यासारखी आहेत. अनुवादाचं इतकं मोकळं दप्तर छापील साहित्याच्या जगात क्वचित उघडं केलं जातं.

17 ऑक्टोबर 2008 रोजी ते काम बाहेर आलं. फुकट, आणि पॅचच्या रूपात, म्हणजे फक्त बदल असलेली फाइल. पहिल्याच आठवड्यात ती एक लाखाहून जास्त वेळा उतरवून घेतली गेली. इंग्रजी अनुवादाच्या आधाराने पुढे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमध्येही गेम गेला. 2013 मध्ये मँडेलिन यांनी आपला अनुवाद कंपनीला मोफत वापरायची तयारी दाखवली. 2024 च्या फेब्रुवारीत निन्टेंडोने 'मदर 3' आपल्या नव्या यंत्रावर खुला केला, पण फक्त जपानमध्ये. बाकी जग अजून त्या 2008 च्या कामावरच हा गेम खेळतं.

याच गोतावळ्यात टोबी फॉक्स नावाचा एक शाळकरी मुलगा होता. 2008 च्या हॅलोवीनला त्याने 'अर्थबाउंड' मोडून, जोडून एक छोटा भयाण खेळ तयार केला आणि याच चाहत्यांत वाटला. त्यातल्या शेवटच्या लढाईसाठी त्याने एक धून रचली, 'मेगालोव्हेनिया'. सात वर्षांनी, सप्टेंबर 2015 मध्ये, त्याने 'अंडरटेल' प्रसिद्ध केला. कुणालाही न मारता शेवटपर्यंत जाता येईल असा हा खेळ त्याने बहुतांशी एकट्याने लिहिला. चित्रांत टेमी चँग यांचा मोठा हात होता. 'अर्थबाउंड'ने खेळणाऱ्याला शेवटी प्रार्थनेत ओढून घेतलं होतं. 'अंडरटेल' खेळणाऱ्याच्या प्रत्येक निर्णयाची आठवण ठेवतो आणि नंतर त्याचा जाब विचारतो. मला हे सरळ एका पिढीने दुसरीला दिलेलं उत्तर वाटतं. त्या उत्तराची तालीम चाहत्यांच्या अड्ड्यावर झाली होती. पुढे ती धून 2019 मध्ये निन्टेंडोच्याच 'स्मॅश ब्रदर्स' या गेममध्ये वाजली, आणि जानेवारी 2022 मध्ये सर्कशीच्या कलावंतांनी पोप फ्रान्सिस यांच्यापुढे तिच्यावर कसरती केल्या. 'अंडरटेल'वर चाहत्यांनी किती चित्रं, कथा, पर्यायी जगं रचली याचा हिशेब कुणी मांडू नये. पण त्यातून उद्याचा कुणी लेखक-संगीतकार घडत असेल, हे गृहीत धरायला हरकत नाही.

हा प्रकार इंटरनेटने जन्माला घातला असं समजण्याचं कारण नाही. 1967 साली, 'स्टार ट्रेक' मालिका टीव्हीवर सुरू असताना, अमेरिकेतल्या दोघींनी तिच्यावर 'स्पॉकेनालिया' नावाचं घरगुती नियतकालिक काढलं. 21 डिसेंबर 1975 रोजी टोकियोत कॉमिक मार्केट हा हौशी प्रकाशनांचा बाजार पहिल्यांदा भरला, तेव्हा 32 गट होते आणि सुमारे 700 माणसं आली. त्यात बहुसंख्य शाळकरी मुली. महासाथीच्या आधी, 2019 मध्ये, त्याच बाजाराला चार दिवसांत सात लाखांवर लोक येत होते, आणि 'कार्डकॅप्टर साकुरा' काढणाऱ्या क्लॅम्प या चौघीजणी अशाच हौशी प्रकाशनांतून पुढे आल्या. या इतिहासात बायका-मुली सुरुवातीपासून मध्यभागी आहेत. चाहत्यांच्या कथांचं आज जे मोठं ग्रंथालय आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', तेही प्रामुख्याने बायकांनी उभारलं, स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि देणग्यांवर चालवलं, जाहिरात न घेता. 2019 साली त्याला विज्ञानकथेच्या जगातला ह्युगो पुरस्कार मिळाला. या विषयाला हलकं लेखण्यामागे, तो मुलींचा विषय मानला गेला, हेही एक कारण आहे असं मला स्पष्ट दिसतं.

आता मतांबद्दल. चित्र काढणारे आणि मत मांडणारे वेगळे नसतात; तीच माणसं दुपारी चित्र टाकतात आणि रात्री वाद घालतात. एप्रिल 2019 च्या शेवटी 'सॉनिक द हेजहॉग' सिनेमाचा ट्रेलर आला. निळ्या हेजहॉगला माणसासारखे दात आणि बारीक वेगळे डोळे दिलेले पाहून जगभर ओरड झाली. शिव्या पुष्कळ पडल्या, त्यांची दखल घेण्यासारखं काही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या दिवसांत चित्रकारांनी केलेलं काम: ट्रेलरमधलीच दृश्यं घेऊन त्यांनी डोळे मोठे केले, पांढरे हातमोजे घातले, अंगाचा तोल बदलला, आणि चूक नेमकी कुठे आहे ते दाखवून दिलं. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी दोनच दिवसांत बदल करण्याचं कबूल केलं. नवं रूप घडवण्यात टायसन हेस या चित्रकाराचा पुढाकार होता. सॉनिकच्या कॉमिक्सवर त्यांनी आधी काम केलेलं होतं. सिनेमा नोव्हेंबरऐवजी पुढच्या फेब्रुवारीत आला आणि चालला. पण या गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. तो प्राणी पुन्हा घडवण्याचे तास व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामगारांनी भरले, आणि त्यावर काम केलेला व्हँकूव्हरचा स्टुडिओ त्याच डिसेंबरमध्ये बंद झाला. कंपनीने कारण दिलं ते बाजारातल्या दबावाचं. चाहत्याचा आवाज मोठा झाला आहे. तो कुणाच्या पाठीवर पडतो, हे पाहण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली आहे.

आपल्या जवळचं उदाहरण 'तुंबाड'चं. राही अनिल बर्वे यांनी हा सिनेमा हिंदीत केला, पण त्याचं मूळ मराठी मातीतलं: मित्राच्या तोंडून ऐकलेली नारायण धारपांची गोष्ट, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा तिकीटबारीवर बेताचाच चालला. पुढची सहा वर्षं तो लोकांनी एकमेकांना सांगत जिवंत ठेवला. त्यातल्या हस्तर या पात्राची चित्रं निघाली, वाड्याच्या आतल्या गर्भाची रेखाटनं निघाली, हव्यास आणि भूक यांवरची मोठमोठी विवेचनं लिहिली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. त्या सहा वर्षांत निघालेल्या चित्रांतली काही पाचव्या प्रकरणात आहेत. कोकणातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे अशांनी काढलेला तिथला पाऊस वेगळा ओळखू येतो.

कायद्याचा प्रश्न टाळून हा विषय पुरा होत नाही. पात्रं कुणाची तरी मालमत्ता असतात, आणि मालक काय करतील याचा नेम नसतो. अर्जेंटिनाच्या मिल्टन ग्वास्ती यांनी जवळजवळ दहा वर्षं खपून 'मेट्रॉइड 2' हा जुना गेम नव्याने घडवला आणि ऑगस्ट 2016 मध्ये, मालिकेला तीस वर्षं झाली त्या दिवशी, फुकट वाटायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत निन्टेंडोच्या वकिलांमुळे तो काढावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीने त्याच गेमची आपली नवी आवृत्ती आणली. ग्वास्ती यांना त्या कामाच्या बळावर दुसऱ्या स्टुडिओत नोकरी लागली, हे चांगलं झालं. पण दहा वर्षांचं काम लोकांसमोरून उठवलं गेलं, हे मला आजही खुपतं. याउलट जपानमधले झुन, एकट्याने 'तोहो' ही गेम-मालिका करणारे. त्यांनी चाहत्यांना साधे, मोकळे नियम घालून दिले. परिणाम असा की 'तोहो'ची गाणी, चित्रं, कथा, गेम यांचा पसारा मूळ मालिकेच्या कितीतरी पुढे गेला, आणि त्या पसाऱ्यातूनच लाखो लोक मूळ मालिकेकडे आले. मोठ्या कंपन्यांना झुन यांच्यासारखं वागणं अवघड आहे, मला मान्य आहे. विक्रीसाठी केलेली नक्कल आणि प्रेमापोटी केलेलं काम यांत फरक करणं मात्र त्यांना नक्की जमण्यासारखं आहे.

चित्रकाराला रोज भेडसावणारा प्रश्न वकिलांचा नसतो, नावाचा असतो. चित्र टाकलं की तासाभरात ते दुसऱ्याच पानावर दिसतं, कोपऱ्यातली सही कापलेली, आणि खाली हजारोंची वाहवा. 2022 पासून यात आणखी एक भर पडली: चित्रं बनवणाऱ्या यंत्रणांना शिकवण्यासाठी लाखो कलावंतांचं काम न विचारता वापरलं गेलं. त्या डिसेंबरमध्ये आर्टस्टेशन या साइटवर चित्रकारांनी निषेधाचे फलक लावले, तेव्हा त्यांत चाहत्यांची कला करणारेही होते. आपलं काम फुकट वाटणाऱ्या माणसाचीही एक किंमत ठरलेली असते: 'हे मी केलं' एवढं सोबत राहावं. तीही त्याच्याकडून काढून घेतली तर त्याने पुन्हा पेन्सिल का उचलावी?

म्हणून या पुस्तकापुरता नियम असा ठेवला आहे. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराने स्वतः सांगितलेलं नाव आहे. बहुतेकांनी टोपणनाव दिलं, तेच छापलं. ज्यांनी नकार दिला त्यांचं चित्र घेतलेलं नाही, त्याचं वर्णनही केलेलं नाही. चित्रं कालक्रमाने लावली आहेत, त्यामुळे एकाच हाताची सुरुवातीची अडखळती रेघ आणि पाच वर्षांनंतरची रेघ दोन्ही सापडतील. चित्राखाली आलेल्या प्रतिक्रिया निवडताना फक्त स्तुतीच्या घेतलेल्या नाहीत. नेस असा हसणार नाही, असं एका चाहत्याने दुसऱ्याला तीन परिच्छेद लिहून समजावलं आहे, आणि त्यावर चित्रकाराने नवं चित्र काढून दिलेलं उत्तर शेजारच्याच पानावर आहे. ज्यांनी यातला एकही गेम खेळलेला नाही, त्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात करावी.